टर्बो गाडीचा बूस्ट वाढवताना आधी पंप बदलावा की इंजेक्टर?

आपली गाडी पोर्ट इंजेक्शनची (सिलिंडरमध्ये थेट नव्हे, तर हवेच्या वाटेत इंधन फवारणारी) टर्बो पेट्रोल आहे, बूस्ट म्हणजे टर्बो हवेला देतो तो जादा दाब ०.८ बारवरून १.२ बारवर न्यायचा आहे, आणि आधी पंप बदलावा की इंजेक्टर, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तूर्त काहीच विकत घेऊ नये. सध्याच्याच बूस्टवर इंधनाचा दाब, इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ, वाइडबँड सेन्सरवरचा लॅम्बडा (हवा-इंधनाचे प्रमाण; १ म्हणजे नेमके, त्याखाली म्हणजे इंधन जास्त) आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान यांची नोंद घ्यावी.

हिशेब असा आहे. बूस्ट एवढा वाढला की निरपेक्ष दाब साधारण १.८ वरून २.२ बार होतो, म्हणजे तापमान तेच राहिले तर हवा सुमारे २२ टक्के वाढते आणि इंधनही त्याच प्रमाणात द्यावे लागते. ६००० आरपीएमला इंजिनाचे एक चक्र २० मिलिसेकंदांत संपते. तिथे इंजेक्टर आज १४ मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर उद्या त्याला १७ लागतील. चक्राच्या ८० ते ८५ टक्के वेळेपुढे त्याला ताणू नये, म्हणून अशा वेळी मोठा इंजेक्टर घ्यावाच लागतो. मात्र इंजेक्टरला वाव असूनही पूर्ण थ्रॉटलला रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीतला, दाब खचत असेल, तर पंप, फिल्टर किंवा पंपापर्यंत पोचणारे व्होल्टेज तपासावे. तिथे मोठे इंजेक्टर बसवले तर दुखणे वाढते.

पंप निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. इंधनाचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाची) नळी जोडलेली असेल, तर मूळच्या ३ बारमध्ये बूस्टचे १.२ मिळून पंपाला ४.२ बारविरुद्ध इंधन ढकलावे लागते, आणि दाब चढेल तसा त्याचा प्रवाह घटतो. म्हणून त्या दाबाचा आकडा मागावा. ही नळी नसेल आणि रेलचा दाब ३ बारवरच स्थिर राहत असेल, तर इंजेक्टरला फक्त १.८ बारचा फरक मिळतो आणि प्रवाह जवळपास तीन चतुर्थांशावर येतो.

तरीही सोलापुरात खरी मर्यादा इंधनापेक्षा उष्णतेची आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत बिनबोभाट चालणारा मॅप (ईसीयू म्हणजे इंजिनाच्या संगणकातली इंधन, इग्निशन व बूस्टची मांडणी) मेच्या दुपारी पारा चाळिशीपार गेल्यावर, विशेषतः सिग्नलला तापलेल्या इंटरकूलरसह (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग), नॉकिंग म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट करू लागतो. मग ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि वाढवलेल्या बूस्टमधून हाती फारसे काही लागत नाही. म्हणून मी पैसे आधी चांगल्या इंटरकूलरवर घालीन आणि हवेच्या तापमानानुसार बूस्ट आपोआप कमी करणारा मॅप मागेन. पूर्ण बूस्टला लॅम्बडा ०.८ च्या आसपास असावा. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलची नॉक सोसण्याची क्षमता चांगली असली, तरी इथेनॉलमुळे इंधन जास्त लागते, हेही हिशेबात धरावे.

नवे इंजेक्टर बसवल्यावर त्यांचा प्रवाह आणि डेड टाइम (संकेत मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंतचा वेळ) ईसीयूमध्ये भरल्याशिवाय गाडी जोरात हाणू नये. अंतिम ट्यूनिंग डायनोवरच (गाडी जागेवर चालवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करावे, त्यासाठी पुणे गाठावे लागले तरी हरकत नाही. मोटार वाहन कायद्याचे गाडीतल्या फेरबदलांविषयीचे कलम ५२ आणि विम्याच्या अटी मात्र पहिला नट सैल करण्याआधी वाचाव्यात.