बिस्मार्क हा माणूस, जहाज की मासळीचा पदार्थ?

तिन्ही खरं, पण मूळ नाव माणसाचं: ऑटो फॉन बिस्मार्क, 1871 मध्ये एक झालेल्या जर्मनीचे पहिले चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख. गावच्या अभ्यासिकेत मी मुलांना इतिहास शिकवतो, तिथं हा घोळ नेहमीचाच. बिस्मार्क 1898 ला वारले. त्यांच्या नावाची युद्धनौका 1939 ला पाण्यात उतरली आणि 27 मे 1941 ला अटलांटिकमध्ये बुडाली. बिस्मार्क हेरिंग म्हणजे काटे काढून, कांदा घालून व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा. आपल्याकडं सावजी म्हटलं की हलबा कोष्टी समाजातल्या माणसाआधी मटणाची तर्री डोळ्यापुढं येते ना, तसंच. फक्त प्रश्नात साल नीट वाचा, कारण 1877 चीही एक जर्मन नौका याच नावाची होती.