आईच्या अंत्यविधीत चर्चमध्ये तिच्यावर बोलायचंय? आधी हे करा

चार मिनिटं पुरेत. सावकाश वाचलं तर साधारण चारशे शब्द बसतात. त्याहून जास्त लिहिलंत की शेवटी घाई होते, आणि घाईत गळा हमखास दाटतो. पाळक किंवा फादरना आधी विचारा. कॅथलिक अंत्यविधीच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) कुटुंबाचे दोन शब्द कम्युनियननंतरच्या (पवित्र भाकर घेतल्यानंतरच्या) प्रार्थनेनंतर, अखेरच्या निरोपाआधी येतात.

तारखा आठवणीवर सोडू नका. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार) आणि लग्नाचीही नोंद करतात, तिथून पडताळा.

‘ती फार धार्मिक होती’ हे वाक्य कुणाच्याही आईला चालतं, म्हणून ते टाळा. त्याऐवजी तिचं बायबल उघडा. कोणती पानं कडेला मळलीत? समासात पेन्सिलीनं काय लिहिलंय? प्रार्थनेसाठी कुणाची नावं चिठ्ठीवर आहेत? यावर दीड मिनिट खुशाल घालवा. आईसाठी बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या 31व्या अध्यायातल्या 10 ते 31 या ओव्या बरेचजण निवडतात. पण तिनं स्वतः खूण केलेलं वचन सापडलं, तर तेच घ्या.

आई भावंडांत थोरली असेल, तर बहीण म्हणून ती कशी होती, हे मुलांना अर्धवटच ठाऊक असतं. मावशी-मामांना ‘कशी होती?’ विचारलंत तर गोलगोल उत्तर मिळेल. ‘तुमची वेणी कोण घालायचं? मार कोण चुकवायचं?’ असं विचारा. भावंडांची नावं जन्मक्रमानं लिहून घ्या. एक नाव गाळलं तर वर्षानुवर्षं ऐकावं लागतं.

कागदाच्या एकाच बाजूला, 16 पॉइंटमध्ये छापा. दुसरी प्रत पुढच्या बाकावरच्या कुणाकडे द्या. तुम्हाला बोलवेना, तर तिथूनच पुढे वाचता येईल.