खान्देशात घरचा बिअर सेटअप: सगळा बांधा, पण यीस्टच्या आधी थांबा

अमळनेरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बिअर बनवायचा सेटअप मांडायचाय. तीन टप्प्यांचा स्टँड, तीन चकचकीत स्टीलची पातेली, तांब्याचं वेटोळं, पुढे नळांचा काउंटर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता आला पाहिजे. शिवाय, दादर ज्वारीची बिअर होईल का?

मी धुळ्याचा. परवानाधारक बिअर कारखान्यात, सेलरमध्ये म्हणजे बिअर आंबवून मुरवतात त्या विभागात बरीच वर्षं काढली, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

आधी कायदा. तुम्ही जे व्हिडिओ बघताय ते बहुतेक अमेरिकेतले. तिथे १९७८ साली केंद्रीय कायदा बदलला आणि घरी स्वतःपुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याच्या कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि त्याच हेतूनं भांडी-साधनं बाळगणं हासुद्धा. 'घरच्यापुरती करतो' ही सबब चालत नाही. मायक्रोब्रुअरीचा, म्हणजे छोट्या बिअर कारखान्याचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, पण तो धंद्यासाठी, गच्चीवरच्या खोलीसाठी नाही.

म्हणून माझं सांगणं असं की सेटअप पूर्ण बांधा आणि त्यावर माल्ट सोडा करा, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) फसफसणारं, बिनदारूचं पेय. धान्य भिजवणं, माल्ट, मॅश (भरड गरम पाण्यात ठेवून स्टार्चची साखर करणं), उकळी, थंड करणं, केग (दाब सोसणारी स्टीलची टाकी), कार्बन डायऑक्साइड गॅस, नळ, सगळं तेच. फक्त साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट घालायचं नाही. अल्कोहोल नाही, म्हणून घरातली पोरं आणि म्हातारी माणसंही पिऊ शकतात. दाखवायचंच असेल तर सगळ्या घराला दाखवता येईल असं काहीतरी हवं ना.

आता पैशांचं. तीन पातेल्यांचा स्टँड फोटोत छान दिसतो, पण १५ लिटरसाठी त्याची गरज नाही. भांड्यांच्या दुकानातलं जाड बुडाचं ४० लिटरचं एक स्टीलचं पातेलं, त्यात मावेल अशी, भरड गाळून घ्यायला मलमलची मोठी पिशवी आणि लग्नाच्या स्वयंपाकाला लावतात तसली शेगडी, एवढ्यात भागतं. खाली अर्ध्या इंचाचा स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या, आणि ते काम दूध डेअरीची भांडी करणाऱ्या वेल्डरकडूनच. आतला जोड बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागला पाहिजे. व्हॉल्व्ह दर वेळी पूर्ण खोलून धुवा. आट्यांमध्ये साचलेला गोड रस दोन दिवसांत आंबतो आणि पुढचा घाणा नासवतो.

वाचलेला सगळा पैसा गारव्यावर लावा. पुण्या-नाशकात खपून जातं ते मे महिन्यात आपल्याकडे खपत नाही.

पहिली अडचण वेटोळ्याची. वेटोळ्यातून नळाचं पाणी सोडलं की रस थंड होतो, असं सगळे सांगतात. पण आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात दुपारी हात पोळवतं. म्हणून काम पहाटे काढा. आधी टाकीच्या पाण्यानं रस पन्नास अंशांच्या खाली आणा, मग बादलीत बर्फाचं पाणी घेऊन कूलरच्या छोट्या पंपानं तेच वेटोळ्यातून फिरवा. वेटोळ्यातून बाहेर पडलेलं पाणी ड्रममध्ये धरा, धुण्याभांड्यांना येतं. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात हे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट गॅसच्या सिलिंडरची, आणि ही मनावर घ्या. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. त्यापुढे भरलेल्या सिलिंडरमधला दाब भराभर चढतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी किती तापतं ते तुम्हीच बघता. त्यामुळे सिलिंडर तिथे ठेवायचाच नाही. खालच्या मजल्यावर, सावलीत, हवा खेळती असलेल्या जागी, भिंतीला साखळीनं बांधून उभा ठेवा. रेग्युलेटरशिवाय केगला जोडायचा नाही. गॅस खाद्य दर्जाचा घ्या. बंद खोलीत गळती झाली तर जीव गुदमरतो, म्हणून दार उघडं. नळांचा काउंटरही मग खालीच येईल, आणि ते चांगलंच.

तिसरं म्हणजे फ्रीज. जुना एकदारी फ्रीज चालेल. नळासाठी भोक पाडायचं ते दारातच. बऱ्याच फ्रीजच्या बाजूच्या पत्र्याआड गरम नळ्या फिरवलेल्या असतात, ड्रिल लागलं की फ्रीज गेला. ४ अंशांवर दर चौरस इंचाला साधारण १२ पौंड दाबात पेयाला हवा तेवढा गॅस मुरतो. तेच पेय ३० अंशांवर असेल तर तिप्पटीच्या आसपास दाब लागतो आणि ग्लासात नुसता फेस येतो. नळापर्यंतची नळी आतून ५ मिलिमीटरची, दोन-अडीच मीटर, गुंडाळून फ्रीजच्या आतच ठेवा. कॉम्प्युटरमधला छोटा पंखा लावून गार हवा नळाच्या मुळाशी सोडली की पहिला ग्लासही नीट भरतो.

आता दादर. होईल, आणि झकास होईल. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या करतात. तुम्ही माल्ट सोड्यासाठी घ्या. धान्य खाण्याचंच आणा, पेरणीचं बियाणं अजिबात नको, त्याला औषध चोळलेलं असतं. रात्रभर भिजवा, मधे पाणी बदला, ओल्या गोणपाटाखाली तीन-चार दिवस मोड येऊ द्या, मग कडक उन्हात वाळवा. वाळल्यावर हातानं चोळून मोड आणि मुळं झाडून काढा, सुपात पाखडा. ही पायरी चुकवायची नाही. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती त्यामुळेच.

ज्वारीचा स्टार्च बार्लीच्या स्टार्चपेक्षा जास्त उष्णतेवर फुलतो, आणि तिच्यात साखर करणारी एन्झाइम्सही कमी. म्हणून ७५० ग्रॅम ज्वारीच्या माल्टची भरड आधी पाण्यात शिजवून पातळ घाटा करा. गार पाणी घालून तो ६६ अंशांवर आणा, मग १ किलो बार्लीच्या माल्टची भरड मिसळा आणि पातेलं गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. घाटा आधी चमच्याला चिकटत असतो. बघता बघता सैल होतो, पळीवरून पाण्यासारखा ओघळतो आणि चव गोड लागते. खात्री करायला पांढऱ्या बशीत एक थेंब रस घ्या, त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून थांबा. पिवळट-तांबूस राहिला की पिशवी उचला. पाहुण्यांना दाखवायला सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे. माझ्याकडे तर आमचे शेजारी दर वेळी 'हाई काय शे भाऊ?' म्हणत बशीवर वाकतात.

रस १५ लिटर करून अर्धा तास उकळा. शेवटी ठेचलेलं आलं आणि गवती चहा. गोडी ६-७ ब्रिक्सवर (रसातल्या साखरेचं शेकडा माप) ठेवा. द्राक्षवाले गोडी मोजायला वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटर चालतो. बिअरच्या रसाची गोडी १२च्या आसपास असते, पण तिथे ती साखर यीस्ट खातं. इथे ती आपल्याच पोटात जाते.

लिंबूही पिळायचं, आणि ते नुसतं चवीपुरतं समजू नका. न आंबवलेला माल्टचा रस गोड असतो आणि पुरेसा आंबट नसतो, बंद भांड्यात गरम जागी राहिला तर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा धोका असतो. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६च्या खाली हवाच; मी ४.२ला आणतो. कागदी पट्टीवर न विसंबता मीटर घ्या. पीएचचं मापसुद्धा बिअरच्याच घरचं, १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडलेलं. एवढं करूनही केग कायम फ्रीजमध्येच ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. लाईट जाऊन पेय तासन्‌तास कोमट राहिलं तर ओतून द्या. हवेतलं यीस्ट आपणहून कामाला लागतं, मग दाबही वाढतो आणि अल्कोहोलही तयार होतं. उरलेलं काचेच्या बाटलीत भरून कोणाला देऊ नका, बाटली फुटते.

काउंटरची फळी सागाची घ्या आणि पुढे ज्वारीचं एक कणीस लावा, शोभेल. पुढच्या वेळी फोटो टाकाल तेव्हा फ्रीजच्या आतला आणि रेग्युलेटरच्या काट्याचा टाका, म्हणजे फेस येत असेल तर नळी किती वाढवायची ते सांगता येईल.