सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग मला होतंय तरी काय?

‘ताई, मी ३२ वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी लिफ्टमध्ये असताना अचानक छातीत धडधडायला लागलं, श्वास पुरेना, हातांना मुंग्या आल्या. वाटलं, संपलं आता. दवाखान्यात पोचेपर्यंत निम्मं ओसरलं होतं. त्यानंतर असं सात-आठ वेळा झालं. तीन ईसीजी, एक इको, रक्ताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल. “काही नाही, टेन्शन घेऊ नका” म्हणतात. आता मी लिफ्टमध्ये जात नाही, गर्दीत जात नाही, ऑफिसलाही नवराच सोडतो. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि बहिणीला डॉक्टरांनी दिलेल्या शांत होण्याच्या गोळ्यांची पट्टी असते. फार वाटलं की अर्धी घेते. ऑनलाइन सात प्रश्नांची चाचणी दिली, १४ गुण आले. मी नाटक करतेय का? वेड लागतंय का? औषधं सुरू केली तर जन्मभर घ्यावी लागतील का? – घाबरट’

अगं, आधी ती सही खोडून टाक. ‘आता मरणार’ असं सात-आठ वेळा वाटूनही जी दुसऱ्या दिवशी उठून कामावर जाते, तिला मी घाबरट म्हणणार नाही. नाटक तर नाहीच. आणि वेडाचं म्हणशील, तर ही भीती तुझ्यासारख्या कितीतरी जणांना त्या क्षणी वाटते. पॅनिक अटॅकच्या, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याच्या, ठरलेल्या लक्षणांमध्येच ती धरलेली आहे.

‘काही नाही’ हे दोन शब्द वाचून मला मात्र वाईट वाटलं. हृदय तपासलं ते योग्यच झालं, ते आधी व्हायलाच हवं होतं. पण वाक्य अर्धं राहिलं. ‘हृदयाला काही नाही, आता हे दुसरं काय असेल ते बघू’ असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांवर उपचार करणाऱ्या जेकब द कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ मध्ये अगदी अशाच तक्रारी लिहून ठेवल्यात: धडधड, छातीत दुखणं, दम लागणं, आणि तपासलं तर हृदयाचा ठोस आजार सापडत नाही. त्यांनी त्याला ‘चिडखोर हृदय’ म्हटलं. ‘पॅनिक डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत यायला १९८० साल उजाडलं. म्हणजे तुला होतंय त्याला नाव असू शकतं, आणि त्यावर उपचारही आहेत.

पत्र वाचून मी निदान करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण ते कसं करतात हे तुला कळायला हवं. नुसते अटॅक आले म्हणजे पॅनिक डिसऑर्डर झाला असं नाही. एखादा अटॅक पुष्कळांना आयुष्यात येऊन जातो. असे अटॅक ध्यानीमनी नसताना पुन्हा पुन्हा येतात का, काही मिनिटांतच शिगेला पोचतात का, हे डॉक्टर बघतात. पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्यानंतर निदान महिनाभर माणूस ‘परत येईल का’ याच धास्तीत आहे का, किंवा त्यापायी त्याचं वागणं बदललंय का? आता मला सांग, तू डॉक्टरांना धडधड सांगितलीस, पण लिफ्ट सोडल्याचं सांगितलंस? नवऱ्याशिवाय बाहेर पडत नाहीस हे? माझा अंदाज आहे, नाही. ईसीजीच्या कागदावर लिफ्ट उमटत नाही गं. ते तुलाच सांगावं लागणार.

तेव्हा मनोविकारतज्ज्ञांची वेळ घे. जाताना सगळे रिपोर्ट ने आणि त्यात थायरॉइड आहे का ते बघ, कारण थायरॉइड वाढलं तरी असंच धडधडतं, हात कापतात, घाम येतो. दम्याचा पंप, थायरॉइडच्या गोळीचा जास्त डोस, भरपूर कॉफी, दारू एकदम बंद करणं, यांनीही असं होऊ शकतं. विचारलं तर लाजू नकोस. झोप, उदासी, पूर्वीचा एखादा आघात याबद्दलही विचारतील. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, कशा ना कशाची काळजी आवरतच नसेल तर तो वेगळा चिंताविकार असतो, आणि कधी दोन्ही एकत्र असतात. तुझी ती सात प्रश्नांची चाचणी मुख्यतः त्या दुसऱ्या विकारासाठी २००६ मध्ये तयार झाली. ती २१ गुणांची असते आणि फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. ती चाळणी आहे, निकाल नाही.

आता त्या मुंग्यांबद्दल. धोका दिसला की पळायला किंवा लढायला शरीर तयार होतं, अॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास भराभर होतो. तुझ्या बाबतीत धोका नसतानाच भोंगा वाजतो. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तुला वाटतं हार्ट अटॅक आला, भीती आणखी वाढते, श्वास आणखी वाढतो. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हेच चक्र मांडलं: शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावला जातो आणि तिथून अटॅक पेटतो.

हे चक्र चालू ठेवणारी गोष्ट मात्र तुझ्या पर्समध्ये आहे. बाटली, पट्टी, बरोबर नवरा, लिफ्टऐवजी जिना. जिन्याने वर पोचलीस की जीव भांड्यात पडतो, आणि मन नोंद करतं, ‘लिफ्ट टाळली म्हणून वाचले.’ लिफ्टमध्येही काही झालं नसतं, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. सीबीटी नावाच्या उपचारात, म्हणजे विचार आणि वागणूक दोन्हींवर काम करणाऱ्या थेरपीत, नेमकी ही गाठ सोडवतात. थेरपिस्ट तुला मुद्दाम जागच्या जागी धावायला लावतील, खुर्चीत गरगर फिरवतील, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगतील, म्हणजे तीच धडधड आणि तीच गरगर तू स्वतःहून आणशील आणि ती ओसरताना बघशील. मग लिफ्टने एक मजला, मग दोन. ऐकायला क्रूर वाटतं, पण पॅनिकवर याचा उपयोग होतो हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. साधारणपणे काही महिन्यांचं, आठवड्याला एक बैठक असं काम असतं, आणि मधे घरी सराव करावाच लागतो.

औषधांचं उत्तर सरळ आहे. बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागत नाहीत. पहिली पसंती सहसा एसएसआरआय गटातल्या, म्हणजे नैराश्य आणि चिंता दोन्हींवर देतात त्या गोळ्यांना असते, सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्रॅमसारख्या. यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट थोडी वाढू शकते, म्हणून लहान डोसने सुरुवात करतात. कितीतरी जण याच आठवड्यात ‘सोसत नाही’ म्हणून गोळी सोडतात, आणि मला त्याची फार हळहळ वाटते. बरं वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

बहिणीच्या गोळ्या वेगळ्याच असण्याची शक्यता आहे. अल्प्राझोलॅमसारखी गोळी पटकन शांत करते, म्हणूनच तिची सवय लागते. काही आठवड्यांपलीकडे रोज घेतली तर शरीर ती मागायला लागतं. पट्टी डॉक्टरांसमोर टेबलावर ठेव आणि किती घेतल्यास ते खरं सांग. रोज घेत असलीस तर एका झटक्यात सोडू नकोस, तेही त्यांनाच विचारून.

दोन गोष्टींत थांबायचं नाही. श्रमाबरोबर छातीत दुखायला लागलं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, खरोखर शुद्ध हरपली, तर ‘पॅनिक असेल’ म्हणून घरी बसू नकोस. आणि जगणं नको असं कधी मनात आलं, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांग.

तुझ्या नवऱ्याबद्दल शेवटी लिहितेय, कारण तो मायेने करतोय. पण त्याच्या सोबतीचाही जिन्यासारखाच उपयोग होऊ लागलाय. त्याला एखाद्या बैठकीला बरोबर ने. कधी सोबत द्यायची आणि कधी मागे थांबायचं, हे थेरपिस्ट त्यालाही समजावतील. लिफ्टची वेळ येईल तेव्हा तो आत तुझ्याबरोबर नसेल, वरच्या मजल्यावर दाराशी उभा असेल. पुढे तिथेही नसेल.

– ताई