माचासाठी हाताने घडवलेला जपानी वाडगा घेणे खरोखर आवश्यक आहे का?

यंत्रावर बनलेला माचाचा (जपानी हिरव्या चहाच्या बारीक पुडीचा) वाडगा स्वस्तात मिळतो आणि हाताने घडवलेल्यासाठी त्याच्या कितीतरी पट पैसे मागतात, मग फरक नेमका कुठे पडतो, असे आपण विचारले आहे. मी जपानी चहाविधी शिकत आहे आणि दोन्ही प्रकारचे वाडगे वापरतो. चवीत फरक पडतो असे मला वाटत नाही. फरक पडतो तो हाताला.

या वाडग्याला कान नसतो. तो डाव्या तळहातावर ठेवून उजव्या हाताने सावरायचा असल्यामुळे भिंतीची जाडी, काठाची वळणे आणि बुडाखालची कडी या तीन गोष्टींवर सगळे अवलंबून असते. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये चोजिरो याने चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या अभिरुचीनुसार घडवलेले राकू वाडगे चाकावर फिरवलेले नव्हते. माती हाताने दाबून उभी करायची आणि मग हत्याराने खरवडून आकार द्यायचा, ही पद्धत आजही चालू आहे. कमी तापमानाला भाजलेली ती जाड, सच्छिद्र भिंत उष्णता सावकाश बाहेर सोडते, त्यामुळे गरम चहा असूनही हात पोळत नाही. काळा राकू तर धगधगत असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर काढतात, आणि त्या चिमट्याची खूण बऱ्याच वाडग्यांच्या अंगावर कायमची राहते. एकेका नगावर एवढी मेहनत होत असेल, तर किंमत चढणारच.

तरीही पहिला वाडगा म्हणून मी राकू सुचवणार नाही. यामागुची प्रांतातील हागीचा वाडगा घ्यावा. त्याच्या झिलईत केसासारख्या बारीक भेगा असतात, त्यांतून चहा मुरत जातो आणि वर्षानुवर्षांच्या वापराने रंग पालटतो. नवा हागी कधीकधी किंचित पाझरतोही. तो दोष समजू नये. वापरण्यापूर्वी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावा.

निवडताना वाडगा आधी उलटा करून पाहावा. बुडाशी बहुधा झिलई नसते, त्यामुळे माती कशी आहे आणि कडी कोरताना हत्यार कसे फिरले आहे, हे तिथे उघड दिसते. मग आतून पाहावे: साधारण दोन ग्रॅम माचा आणि सत्तरेक मिलिलिटर पाणी बांबूच्या रवीने घुसळायचे असते, म्हणून तळ रुंद व गोलसर हवा. सुमारे १२ सेंटीमीटर व्यासाचे तोंड सोयीचे पडते. कुंभाराची सही असलेल्या लाकडी पेटीने किंमत बरीच वाढते. नुसता चहाच प्यायचा असेल तर त्या पेटीवाचून काही अडत नाही.

साबण, डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह तिन्ही टाळावेत. कोमट पाण्याने धुऊन वाडगा पूर्ण सुकू द्यावा, नाहीतर मुरलेल्या ओलाव्याला बुरशी धरते. आपल्याकडच्या, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, तो पेटीत न ठेवता उघड्यावरच ठेवलेला बरा.

ऑनलाइन ‘राकू’ नावाने जे विकले जाते त्याबाबत मात्र सावध राहावे. भट्टीतून काढून लाकडाच्या भुशात धुरवण्याची पाश्चात्त्य पद्धतही याच नावाने ओळखली जाते आणि त्यातली भांडी बहुतांशी शोभेची असतात. विक्रेत्याने ते खाण्यापिण्यासाठी सुरक्षित असल्याचे स्पष्ट सांगितले नसेल, तर घेऊ नये.