शिकायला आलेली मुलगी खोलीबाहेर येत नाही

पुण्यात मराठी शिकायला अमेरिकन विद्यार्थी येत असतात. कुणी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या मराठी वर्गांना येतं, कुणी संशोधनाची शिष्यवृत्ती घेऊन. त्यातले बरेच जण मराठी कुटुंबात राहतात. त्यांच्यापैकी काही जण समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात आणि त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या काकूंचे फोन तर त्याहून जास्त येतात. काकू म्हणतात, "सुरुवातीला छान रमली होती हो. आता क्लासहून आली की दार लावून बसते. आमचं काही चुकलं का?" मुलं म्हणतात, "वर्गात सगळं येतं, बाहेर पडलं की काही सुचत नाही. परत जावंसं वाटतं." चिंता एकच आहे. म्हणून एका मुलीबद्दल लिहिते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती मराठ्यांच्या इतिहासावर पीएच.डी. करत होती. जुनी कागदपत्रं वाचायची म्हणून आधी मराठी शिकली, मग मोडी. भारत इतिहास संशोधक मंडळात बसून अठराव्या शतकातल्या पत्राच्या ओळी लावायची आणि संध्याकाळी रिक्षावाल्याला "इथून डावीकडे घ्या" एवढं सांगताना तिची जीभ अडायची. राहायला पेठेतल्या एका घरी.

आमचं बोलणं इंग्रजीतून व्हायचं. पहिल्या भेटींत तक्रारींची यादीच निघाली. दुकानात मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं. दुपारी एक ते चार काही मिळत नाही. सगळे फोनवरून पैसे देतात आणि ही नोटा काढून सुट्ट्यांसाठी खोळंबते. काकू दार न वाजवता आत येतात, कुठे चाललीस, कधी येणार, जेवलीस का, सगळं विचारतात.

कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली या अवस्थेवर, म्हणजे 'कल्चर शॉक'वर, लेख लिहिला. परक्या ठिकाणी आपल्या रोजच्या व्यवहारातल्या ओळखीच्या खुणा हरवतात, कधी हात मिळवायचा, कुणाला काय म्हणायचं हे कळेनासं होतं आणि त्यातून घाबरेपणा येतो, असं त्यांचं म्हणणं. लहानसहान उशिरावरून राग येणं, पाण्याची नि अन्नाची अवाजवी काळजी, घरच्या चांगल्या कॉफीसाठी जीव तुटणं ही लक्षणंही त्यांनी नोंदवली आहेत. मी हे तिला सांगितलं, कारण आपल्याला जे होतंय ते लाखो लोकांना होऊन गेलंय हे कळलं की निम्मं ओझं उतरतं. चौकशी म्हणजे पाळत नव्हे, हेही सांगितलं. तिला ते पटलंही. पण दार काही उघडेना.

मग एका भेटीत मी विचारलं, "आत्ता बोलता बोलता तू मला दोनदा खळखळून हसवलंस. तू अशी आहेस, हे काकूंना माहीत आहे?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही. त्यांच्या घरातली मुलगी फक्त 'हो', 'नको' आणि 'छान झालंय' म्हणते. मराठीत मी हुशार नाही, गमतीदार नाही. मराठीत मी कुणीच नाही, मॅडम." आणि रडायला लागली.

तोपर्यंत सगळ्यांनी तिला एकच सांगितलं होतं: घरची आठवण येतेय, आईला फोन कर. ती रोज करतच होती. आणि फोन ठेवल्यावर जास्त खचत होती, कारण त्या तासाभरात तिला आपलं बोलकं, चटपटीत रूप परत मिळायचं आणि फोन ठेवला की तेही जायचं. तिला आठवण घराची कमी आणि स्वतःची जास्त येत होती. 'तू असा आहेस, अशी आहेस, हे घरातल्यांना माहीत आहे?' हा प्रश्न मी आता प्रत्येकाला विचारते आणि आजवर तो क्वचितच वाया गेलाय.

मानसोपचाराच्या ज्या विवेकनिष्ठ परंपरेत मी घडले ती न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. भावनेच्या मुळाशी आपण स्वतःला काय बजावतो ते शोधा, असं ती शिकवते.

"दुकानदार इंग्रजीत बोलला की मनात काय येतं?"

"की मी इतकं वाईट बोलले की त्याला ऐकवेना."

"आणि त्याच्या मनात काय असेल?"

तिने विचार केला. "मागे चार गिऱ्हाइकं उभी आहेत, हे असेल."

ती शाळेपासून पहिली येणारी. 'माझं चुकताच कामा नये' ही तिची जुनी अट. नव्या भाषेत तर दर वाक्याला चूक होणार, म्हणजे अट मोडणार. त्यापेक्षा खोली बरी.

मी तिला एलिस यांचीच गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला ते फार घाबरायचे. मग महिनाभर ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन त्यांनी शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलणं काढलं. भेटायला कबूल झाली एकच, तीही आली नाही. पण त्यांची भीती गेली. तिला म्हटलं, "रोज एक संभाषण असं कर, ज्यात चूक होणारच."

ती मंडईत गेली. "मावशी, माझ्याशी मराठीतच बोला हं, शिकतेय मी," असं आधीच सांगून टाकलं आणि विचारलं, "भेंडी कशी दिला?" मावशी म्हणाल्या, "दिला न्हाई गं बाई, दिली! भेंडी बाईमाणूस हाय." आणि कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकल्या. रात्री जेवताना तिने हे मावशींच्या हेलासकट काकूंना करून दाखवलं. काकू तोंडावर पदर धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना बोलावून तिला पुन्हा करायला लावलं. मंडईतली भाजी नंतर तीच आणू लागली. दार अधूनमधून बंद असायचं, पण काकूंना त्याचं वाईट वाटेनासं झालं.

काकूंना माझं सांगणं असतं: दार वाजवून थांबा. दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं शिणतं, तो तासभर रुसवा नसतो. दयेपोटी इंग्रजीवर येऊ नका. तिचं वाक्य तिला पुरं करू द्या आणि पाच चुकांतली एकच दाखवा. मटार सोलायला, पोळ्या लाटायला बरोबर घ्या, हात कामात असले की बोलणं सोपं जातं. मुलांना सांगते, घरच्या फोनचा वार ठरवा. मात्र दोन आठवडे झोप आणि भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

जर्मन किंवा जपानी शिकायला बाहेर गेलेल्या आपल्या मुलांचे आईवडीलही हल्ली मला हेच विचारतात. फोनवर मुलगा उदास वाटला, तर 'जेवलास का' झाल्यावर आणखी एक विचारा: आज तिथल्या भाषेत कुणाशी काय बोललास? आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका.