मोर्चा नंतर, आधी एक पान

तुझा मेसेज वाचला. पोस्टर झालीत, घोषणा झाल्यात, नव्या कायद्यासाठी मोर्चा कधी काढू असं विचारलंयस. थांब जरा, आधी मला सांग, विधिमंडळाकडून नक्की काय लिहून हवंय? ‘कडक कायदा करा’ म्हटलं की सगळे नेते मान डोलावतात आणि विसरतात. जबाबदारी कुणावर, मुदत किती, नाही पाळलं तर दंड कुणाच्या खिशातून, एवढं एका पानात बसव. आणि त्याआधी आहे तो कायदा, त्याखालचे नियम, जीआर (शासन निर्णय) सगळं वाचून काढ, कधीकधी नियमातली एक ओळ बदलली तरी काम होतं आणि सभागृहापर्यंत जावंच लागत नाही.

माहिती अधिकाराचंच घे ना. लोकांना राजस्थानातल्या ब्यावर शहरातलं १९९६ चं धरणं आंदोलन आठवतं, पण तिथली मजदूर किसान शक्ती संघटना त्याआधीपासून, १९९४ पासून जनसुनावण्या घेत होती. सरकारी कामांवरच्या मजुरांचे हजेरीपट गावासमोर वाचायचे, आणि ज्याच्या नावावर मजुरी उचललीय तोच उभा राहून सांगायचा की मला पैसे मिळालेच नाहीत. असा पुरावा असला की भाषणाची गरजच उरत नाही. मग मसुद्याचं काम, त्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेली प्रेस कौन्सिल होती. महाराष्ट्राचा कायदा आला २००२ चा, केंद्राचा थेट २००५ ला. म्हणजे तुझी आत्ताची टीम तेवढी वर्षं टिकणार नाही हे धरूनच चाल, कागदपत्रं एकाच्याच लॅपटॉपवर ठेवू नकोस.

आमदाराकडे जाताना त्याच्याच मतदारसंघातली माणसं ने, बाहेरच्या हजार ऑनलाइन सह्या त्याला हलवत नाहीत (माझं तरी हेच मत). मागणी एकच ठेव, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना). अशासकीय विधेयकावर, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकावर, फार भिस्त नको, संसदेत दोन्ही सभागृहांतून पास झालेलं असं शेवटचं विधेयक १९७० चं आहे. मंत्र्याला उत्तर द्यायला लावण्यापुरतं ते बरं. खरा मजकूर खात्यात ठरतो, तिथल्या अधिकाऱ्याला खर्च किती येईल आणि अंमलबजावणी कोण करेल याचं उत्तर तयार हवं.

तुझ्या मागणीला विरोध करणाऱ्यांनाही आधीच भेट, त्यांचा आक्षेप सभागृहात पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ देऊ नकोस.

आणि हो, कायदा पास झाल्यावर ग्रुप बंद करू नका, नियम त्यानंतर बनतात आणि कितीतरी कायदे तिथेच लुळे पडतात.

रविवारपर्यंत ते एक पान पाठव, सोबत विरोध कोण करणार त्यांची यादी, मी लाल पेन घेऊन बसतो.